पासष्ट चालींची साक्ष : मीर सुलतान खान आणि हेस्टिंग्जचा डाव

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावात नाताळ आणि नववर्षाच्या संधिकाळात बुद्धिबळाची स्पर्धा भरवण्याची परंपरा जुनी आहे. १९३०-३१ च्या स्पर्धेत तेथे एका पटावर दोन खेळाडू समोरासमोर बसले. काळी मोहरी घेऊन बसले होते क्यूबाचे होजे राऊल कॅपाब्लांका. १९२१ ते १९२७ या काळात ते जगज्जेते होते आणि त्याआधी-नंतरच्या मिळून आठ वर्षांत, म्हणजे १९१६ पासून १९२४ पर्यंत, त्यांनी स्पर्धेतील एकही डाव गमावला नव्हता. पांढरी मोहरी होती पंजाबातील मीर सुलतान खान यांच्याकडे. युरोपात ज्या नियमांनी बुद्धिबळ खेळले जाते, ते नियम त्यांनी शिकून जेमतेम चार वर्षे झाली होती.

पासष्टाव्या चालीनंतर कॅपाब्लांका यांनी डाव सोडला.

बुद्धिबळाच्या इतिहासात दुबळ्या मानल्या गेलेल्या खेळाडूने बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला हरवल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेक विजय प्रतिस्पर्ध्याच्या एखाद्या घोडचुकीमुळे मिळालेले असतात. हेस्टिंग्जचा डाव तसा नव्हता. तो संथपणे, एकेक घर जिंकत, शेवटपर्यंत हिशेबाने खेळला गेला. सुलतान खान यांनी स्वतःविषयी फारसे काही लिहून ठेवले नाही. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते बहुतांशी इतरांनी, आणि तेही आपापल्या चष्म्यातून. अशा माणसाची ओळख करून घ्यायची तर त्याच्या डावांकडे वळावे लागते. त्यांत हा डाव पहिला.

मिठा टिवाणा ते दिल्ली

सुलतान खान यांचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभी मिठा टिवाणा या गावी झाला. पंजाबच्या तत्कालीन शाहपूर जिल्ह्यातील हे गाव आज पाकिस्तानच्या खुशाब जिल्ह्यात येते. त्यांचे घराणे अवान समाजातील. घरात पीरपरंपरा होती आणि जमीनही होती. वडील मियाँ निजामुद्दीन बुद्धिबळाचे शौकीन होते. त्यांनी मुलाला वयाच्या नवव्या वर्षी खेळाची ओळख करून दिली. विशीत पोहोचेपर्यंत पंजाबात सुलतान खान यांच्या तोडीचा खेळाडू उरला नव्हता, असे सांगितले जाते.

हा खेळ देशी पद्धतीचा होता. देशी आणि युरोपीय बुद्धिबळ यांतील अंतर लक्षात घेतल्याशिवाय सुलतान खान यांनी पुढे काय साधले, याची कल्पना येत नाही. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीला दोन घरे पुढे जात नाही. एकेक घरच सरकते. युरोपीय पद्धतीचा किल्लेकोट नसतो. त्याऐवजी राजाला, त्याला शह मिळालेला नसेल तर, डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येते. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की त्याचा हवा तेव्हा वजीर करता येत नाही. ज्या पट्टीत ते पोहोचले त्या पट्टीच्या मोहऱ्याचे रूप त्याला घ्यावे लागते. प्रांताप्रांतांत या नियमांत थोडाफार फरक असे, पण सर्वत्र खेळाची गती संथच राहात असे. दोन्ही बाजूंची सैन्ये एकमेकांना भिडायला वेळ लागे. सुरुवातीच्या दहा-पंधरा चालींत झटापट होण्याऐवजी मोहऱ्यांची मांडणी, प्याद्यांची तटबंदी आणि दीर्घ धीर यांना महत्त्व येई.

युरोपात याच्या नेमकी उलट स्थिती होती. तेथे डावाच्या सुरुवातीचे शास्त्र तयार झाले होते. कोणत्या चालीला कोणते उत्तर द्यावे, याची पुस्तके होती, नियतकालिके होती, खेळाडूंच्या वह्या होत्या. नामांकित खेळाडू घरूनच पहिल्या दहा-बारा चाली तयार करून येत.

सुलतान खान यांचे नशीब पालटले ते सर उमर हयात खान टिवाणा यांच्यामुळे. शाहपूर भागातील हे मोठे जमीनदार. पहिल्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश सैन्यासोबत काम केले होते आणि ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या वर्तुळात त्यांचे वजन होते. खेळांचा आणि खेळाडूंचा त्यांना शौक होता. त्यांनी सुलतान खान यांना आपल्या पदरी ठेवले आणि १९२६ च्या सुमारास युरोपीय नियमांचे शिक्षण देवविले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा झाली. नऊ डावांत आठ विजय आणि एक बरोबरी अशी कामगिरी करून सुलतान खान यांनी ती जिंकली. एकही डाव त्यांनी गमावला नाही.

लंडनची पहिली ठेच

१९२९ च्या वसंत ऋतूत उमर हयात खान लंडनला गेले, तेव्हा सुलतान खान त्यांच्यासोबत होते. भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळावर उमर हयात खान यांची नेमणूक झाली होती आणि त्यामुळे पुढील काही वर्षे त्यांचा मुक्काम लंडनमध्ये राहणार होता. सुलतान खान यांची युरोपातील संपूर्ण कारकीर्द या मुक्कामाशी बांधलेली होती. मालक लंडनमध्ये असेपर्यंत खेळ, मालक परतले की खेळ संपला, असे तिचे स्वरूप होते.

लंडनमध्ये त्यांच्यासाठी एक सराव स्पर्धा आयोजित करण्यात आली. तिचा निकाल निराशाजनक लागला. सुलतान खान तळाच्या स्थानावर राहिले. भारतात निर्विवाद असलेला खेळाडू इंग्लंडच्या मध्यम दर्जाच्या खेळाडूंपुढेही अडखळत होता. त्याचे कारण उघड होते. डावाच्या सुरुवातीलाच ते अडचणीत सापडत आणि उरलेला सगळा डाव त्या अडचणीतून बाहेर पडण्यात जाई.

त्यानंतर विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांची तयारी करून घेतली. दोघेही अनुभवी होते. येट्स तर इंग्लंडचे माजी विजेते. काही आठवड्यांच्या या तयारीत सुलतान खान सगळे शास्त्र शिकले असण्याची शक्यता नव्हती. त्यांनी काही मोजक्या, आटोपशीर मांडण्या आत्मसात केल्या. त्या मांडण्यांत सुरुवातीला फार नुकसान होत नसे आणि डाव त्यांना हव्या त्या संथ वळणावर नेता येत असे. एकदा डावाचा मध्य आला की पुस्तके मागे पडत आणि त्यांची स्वतःची समज पुढे येई.

त्याच वर्षी उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली. सराव स्पर्धेत तळाला राहिलेल्या सुलतान खान यांनी ती जिंकली. साम्राज्याच्या राजधानीतून दिले जाणारे बुद्धिबळाचे सर्वोच्च पद वसाहतीतून आलेल्या एका तरुणाकडे गेले. इंग्रजी वृत्तपत्रांना हा निकाल अनपेक्षित होता. त्यानंतर ते काही महिने भारतात परतले आणि १९३० च्या मे महिन्यात पुन्हा युरोपात दाखल झाले.

युरोपीय हवामानाने त्यांना सुखाने राहू दिले नाही. हिवतापाचा त्रास त्यांना भारतातच जडला होता. इंग्लंडमध्ये त्यात सर्दी, ज्वर आणि घशाच्या दुखण्याची भर पडली. गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळून ते पटावर येऊन बसत, असे समकालीनांनी नोंदवले आहे. भाषेचीही अडचण होती. इंग्रजी त्यांना फारशी येत नव्हती. डाव संपल्यावर दोन्ही खेळाडू त्याची चर्चा करतात, तेव्हा त्यांच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मध्ये दुभाषा लागे.

तरीही १९३० हे वर्ष त्यांचे ठरले. हॅम्बुर्ग येथील ऑलिंपियाडमध्ये त्यांनी इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर खेळ केला. पहिल्या पटावर प्रत्येक देशाचा सर्वोत्तम खेळाडू बसतो. बेल्जियममधील लीज येथील स्पर्धेत सावियेली तार्ताकोवर यांच्या मागोमाग त्यांनी दुसरे स्थान मिळवले. वर्षाच्या अखेरीस ते हेस्टिंग्जला पोहोचले.

दोघांमधील अंतर

हेस्टिंग्जच्या त्या डावाला बसताना दोन खेळाडूंमधील अंतर केवळ किताबांचे नव्हते. कॅपाब्लांका यांनी वयाच्या चौथ्या वर्षी वडिलांचा खेळ पाहून बुद्धिबळ शिकले होते. चाळिशी ओलांडलेल्या कॅपाब्लांका यांच्यामागे दोन दशकांहून अधिक काळाचा आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा अनुभव होता. त्यांची ख्याती साध्या, स्वच्छ आणि अचूक खेळासाठी होती. मोहरी कमी झालेल्या पटावर त्यांच्याविरुद्ध टिकणे अवघड समजले जाई. १९२७ मध्ये ब्यूनोस आयर्स येथे अलेक्झांडर अलेखिन यांच्याकडून त्यांनी जगज्जेतेपद गमावले होते, पण जगातील पहिल्या दोन-तीन खेळाडूंत त्यांची गणना कायम होती.

सुलतान खान यांच्याकडे ब्रिटिश अजिंक्यपद होते आणि वर्षभरातील चांगली कामगिरी होती. पुस्तकी तयारीत मात्र ते कॅपाब्लांका यांच्या जवळपासही नव्हते. या सामन्यापूर्वी कोणी भाकीत केले असते, तर ते एकाच बाजूने गेले असते.

याच आठवड्यांत लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद चालू होती. भारताच्या भावी राज्यघटनेची चर्चा तेथे साम्राज्याच्या सोयीने चालली होती आणि काँग्रेसने तिच्याकडे पाठ फिरवली होती. हेस्टिंग्जच्या पटाचा त्या परिषदेशी संबंध नव्हता. पण इंग्लंडमध्ये त्या हिवाळ्यात भारतीय माणूस कोणत्या नात्याने ओळखला जात होता, हे समजण्यासाठी ती पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते.

डाव

सुलतान खान यांनी घोडा बाहेर काढून सुरुवात केली आणि मग वजिरासमोरचे प्यादे पुढे केले. कॅपाब्लांका यांनी क्वीन्स इंडियन नावाने ओळखला जाणारा बचाव निवडला. या बचावात काळ्याचा उंट कडेच्या कर्णावर ठाण मांडून दुरून पटाच्या मध्यावर नजर ठेवतो.

पाचव्या चालीला सुलतान खान यांनी डाव्या कडेचे प्यादे एक घर पुढे सरकवले. वरवर पाहता ही वेळ दवडणारी चाल होती. तिचा हेतू मात्र नेमका होता. काळ्याच्या उंटाला त्या बाजूने येऊन पांढऱ्याच्या घोड्यावर दाब देता येऊ नये, यासाठी ती केली होती. याच मांडणीला पुढे सोव्हिएत खेळाडू तिग्रान पेत्रोस्यान यांचे नाव मिळाले आणि आजही ती त्याच नावाने शिकवली जाते. हेस्टिंग्जचा डाव झाला तेव्हा पेत्रोस्यान दीड वर्षांचे होते. पुस्तके न वाचलेला खेळाडू म्हणून ज्यांची ओळख करून दिली जाते, त्या सुलतान खान यांची पाचवी चाल पुस्तकांच्या पुढे होती, हे येथे नोंदवायला हवे.

पुढील काही चालींत त्यांनी घोडा काळ्याच्या गोटात पाठवून तेथील एक उंट मिळवला. आता पांढऱ्याकडे दोन्ही उंट होते, काळ्याकडे एकच. मग त्यांनी राजाला किल्लेकोटात न नेता मध्यावरच ठेवले आणि उजव्या बाजूची प्यादी पुढे रेटायला सुरुवात केली. कॅपाब्लांका यांनी मधली मोकळी पट्टी ताब्यात घेऊन दोन्ही हत्ती तेथे एकामागे एक उभे केले. पटाकडे पाहणाऱ्याला पांढऱ्याचा राजा उघड्यावर पडलेला आणि काळ्याचे हत्ती झेप घेण्याच्या तयारीत आहेत, असेच वाटले असते.

एकविसाव्या चालीला ती झेप आली. कॅपाब्लांका यांनी हत्तीने शह दिला, पुढच्या चालीला दुसऱ्या हत्तीनेही शह दिला. सुलतान खान यांनी वजीर दिला आणि दोन्ही हत्ती घेतले.

या देवाणघेवाणीचा हिशेब पुस्तकांत साधारण समसमान मांडला जातो. मोकळ्या पटावर वजीर सरस ठरतो, कारण तो एकाच वेळी अनेक दिशांनी धाक दाखवतो. बंदिस्त पटावर हत्ती सरस ठरतात, कारण ते एकमेकांना आधार देत एका लक्ष्यावर दाब वाढवतात. कॅपाब्लांका यांच्या वजिराने पांढऱ्याच्या गोटात शिरून राजाच्या आसपास धाक निर्माण केला. सुलतान खान यांनी घाई केली नाही. एका हत्तीने प्याद्याला आधार दिला, दुसऱ्याने मधली पट्टी धरली आणि मग एका हत्तीने वजिराला तेथून हुसकावून लावले.

त्यानंतरच्या सुमारे पंचवीस चाली हा या डावाचा गाभा आहे. वरवर पाहता त्यांत काहीच घडत नाही. काळ्याचा वजीर पांढऱ्याच्या उजव्या बाजूला दोन घरांच्या मध्ये येरझारा घालत राहतो. काळ्याचा घोडा मागच्या ओळीत अडकून पडलेला असतो, कारण तो हलला की हत्तींना आत शिरायला वाट मिळते. उंटाची वाट त्याच्याच प्याद्यांनी अडवलेली असते. राजाला स्वतःच पहारा द्यावा लागतो. पांढरा मात्र या काळात आपली मांडणी सुधारत राहतो. राजा मध्यातून चालत डाव्या कोपऱ्याकडे सुरक्षित जागी जातो. हत्ती जागा बदलतात, पुन्हा बदलतात. प्रतिस्पर्ध्याला काही करता येत नाही आणि त्याला आपल्या इच्छेनुसार वाट पाहायला लावता येते, याची खात्री पांढऱ्याला झालेली असते.

देशी बुद्धिबळात वाढलेल्या खेळाडूला ही स्थिती अनोळखी नव्हती. प्यादे एकेक घर सरकवत, तटबंदी न मोडता, समोरच्याची वाट बंद करत जाणे हे त्या खेळाचे मूळ वळण होते. त्या वळणाने खेळताना सुलतान खान घरच्या मैदानावर होते आणि कॅपाब्लांका परक्या.

मग डाव्या बाजूची प्यादी हलली. एकामागून एक दोन प्यादी पुढे गेली आणि काळ्याच्या तटबंदीतील एक प्यादे आधाराविना अडकून पडले. त्रेपन्नाव्या चालीला पांढऱ्याचा हत्ती काळ्याच्या गोटात सहाव्या ओळीत जाऊन बसला. त्याला स्वतःच्या प्याद्याचा आधार होता, त्यामुळे तेथून त्याला हुसकावणे शक्य नव्हते. एकोणसाठाव्या चालीला काळ्याच्या वजिराला अखेर एक प्यादे मारायला मिळाले. तोवर वेळ निघून गेली होती. एकसष्टाव्या चालीला सुलतान खान यांच्या हत्तीने ते अडकलेले प्यादे घेतले आणि त्याच वाटेने त्यांचे प्यादे वजीर होण्यासाठी पुढे निघाले. त्याला थोपवण्यासाठी काळ्याकडे काही उरले नाही. पासष्टाव्या चालीला हत्ती शेवटच्या ओळीत पोहोचला आणि कॅपाब्लांका यांनी हार मानली.

स्पर्धेच्या अखेरीस हॉलंडचे मॅक्स यूवे सात गुणांसह पहिले आले. कॅपाब्लांका साडेसहा गुणांसह दुसरे आणि सुलतान खान सहा गुणांसह तिसरे राहिले. यूवे यांनी पुढे १९३५ मध्ये अलेखिन यांना हरवून जगज्जेतेपद मिळवले. म्हणजे त्या वर्षी सुलतान खान यांच्या पुढे फक्त एक माजी आणि एक भावी जगज्जेता होता.

कॅपाब्लांका यांनी पुढे सुलतान खान यांना प्रतिभावंत म्हटले. स्तुती करताना शब्द जपून वापरणाऱ्या खेळाडूकडून आलेली ती पावती होती.

शिखराची वर्षे

हेस्टिंग्जचा विजय योगायोग नव्हता, हे पुढील दोन वर्षांनी दाखवून दिले. १९३१ मध्ये बारा डावांच्या सामन्यात सुलतान खान यांनी तार्ताकोवर यांना साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी हरवले. त्याच वर्षी प्राग येथील ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर ते सतरा डाव खेळले. आठ जिंकले, सातांत बरोबरी केली आणि दोन गमावले. हरलेल्यांत सालो फ्लोर आणि आकिबा रुबिन्स्टाइन होते. जगज्जेते अलेखिन यांच्याशी त्यांनी बरोबरी साधली. १९३२ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अलेखिन आणि फ्लोर यांच्यानंतर अमेरिकेचे आयझॅक कॅशडन यांच्यासह त्यांनी तिसरे स्थान विभागून घेतले. १९३२ आणि १९३३ मध्ये त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद पुन्हा जिंकले. पाच वर्षांत तीन वेळा. त्या काळातील जगातील पहिल्या दहा खेळाडूंत त्यांची गणना आज केली जाते.

१९३३ च्या ब्रिटिश स्पर्धेत आणखी एक नाव झळकले. उमर हयात खान यांच्याच परिवारातील मिस फातिमा यांनी महिलांचे अजिंक्यपद मिळवले. अकरापैकी दहा डाव जिंकून आणि एक बरोबरीत सोडवून त्यांनी दुसऱ्या क्रमांकाला तीन गुणांनी मागे टाकले. एकाच घरातून, एकाच गावी, एकाच वर्षी ब्रिटनची दोन्ही पदे पंजाबकडे गेली होती.

नोकर की खेळाडू

त्या घरातील सुलतान खान यांचे स्थान नेमके काय होते, हा आजही वादाचा विषय आहे. अमेरिकी खेळाडू रुबेन फाइन यांनी लिहिलेली आठवण वारंवार सांगितली जाते. १९३३ मधील फोकस्टनच्या ऑलिंपियाडनंतर अमेरिकेच्या संघाला उमर हयात खान यांच्याकडे निमंत्रण होते. तेथे पाहुण्यांना वाढणाऱ्यांत सुलतान खान होते आणि ज्याला पटावर बरोबरीचा मानायचे, त्याच्या हातून जेवण घेताना अमेरिकी खेळाडूंना अवघडल्यासारखे झाले, असा त्या आठवणीचा आशय आहे. या प्रसंगावरून निरक्षर नोकर, पण जन्मजात प्रतिभावंत अशी प्रतिमा तयार झाली आणि पुढील पुस्तकांनी ती रूढ केली.

सुलतान खान यांच्या वंशजांनी ही प्रतिमा नाकारली आहे. ते जमीन असलेल्या, मान असलेल्या घराण्यातील होते, लिहिता-वाचता येणारे होते आणि उमर हयात खान यांनी त्यांना खेळाडू म्हणूनच पदरी ठेवले होते, असे त्यांचे म्हणणे आहे. पंजाबातील आश्रयदात्याच्या पदरी असलेला गायक, मल्ल वा खेळाडू आणि इंग्रजी घरातील नोकर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी लेखकांनी त्या एकच समजल्या, असा या आक्षेपाचा रोख आहे. पाहुण्यांना स्वतःच्या हाताने वाढणे हा पंजाबी घरात आदरातिथ्याचा भाग असतो, हेही येथे विसरता येत नाही.

दोन्ही बाजूंत एक गोष्ट समान आहे. स्वतः सुलतान खान यांचे मत कोणी नोंदवून ठेवले नाही. आश्रयदात्याच्या मर्जीवर कारकीर्द अवलंबून असणे हे त्यांना कसे वाटले, याचे उत्तर कागदोपत्री सापडत नाही. निरक्षर प्रतिभावंताची कथा मात्र त्यांच्या श्रमांवर अन्याय करते. परक्या नियमांचा खेळ तिशीच्या आत आत्मसात करणे, सराव स्पर्धेतील अपयशानंतर काही आठवड्यांत स्वतःला सावरणे, आजारी शरीराने सतरा-सतरा डाव खेळणे, या सगळ्याला केवळ दैवी देणगी म्हटले की माणसाची मेहनत दिसेनाशी होते.

परतीनंतर

१९३३ च्या अखेरीस उमर हयात खान यांच्यासोबत सुलतान खान भारतात परतले. इंग्लंडच्या दमट थंडीतून सुटका झाल्याचा त्यांना आनंद झाला, असे मिस फातिमा यांनी पुढे सांगितले. १९३५ मध्ये त्यांनी व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना खेळला. खाडिलकर हे त्या काळातील नावाजलेले खेळाडू. तरीही दहापैकी केवळ एका डावात त्यांना बरोबरी साधता आली. उरलेले नऊ सुलतान खान यांनी जिंकले. हेस्टिंग्जला जे अंतर एका बाजूने मोजले गेले होते, ते येथे दुसऱ्या बाजूने मोजले गेले. पटावर बलाढ्य म्हणून बसण्याची ती त्यांची अखेरची नोंद आहे. त्यानंतर स्पर्धात्मक बुद्धिबळात त्यांचे नाव दिसत नाही.

१९४४ मध्ये उमर हयात खान यांचे निधन झाले. फाळणीनंतर सुलतान खान यांचा प्रदेश पाकिस्तानात गेला. सरगोधा परिसरात वडिलोपार्जित जमिनीवर शेती करत त्यांनी उरलेले आयुष्य काढले. मुलांना त्यांनी बुद्धिबळ शिकवले नाही. त्यापेक्षा उपयोगी काही करावे, असा त्यांचा सल्ला असे. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे त्यांचे निधन झाले.

१९५० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने पहिल्यांदा ग्रँडमास्टर किताब अधिकृतपणे दिले. सत्तावीस जणांच्या त्या यादीत यूवे, तार्ताकोवर, रुबिन्स्टाइन, फ्लोर आणि फाइन यांची नावे होती. त्यांपैकी तार्ताकोवर, रुबिन्स्टाइन आणि फ्लोर यांना सुलतान खान यांनी हरवले होते. त्यांचे स्वतःचे नाव मात्र यादीत नव्हते. ते तेव्हा हयात होते, सरगोध्यात होते आणि स्पर्धांपासून सतरा वर्षे दूर होते.

आशियाला पहिला ग्रँडमास्टर १९७४ मध्ये फिलिपिन्सच्या युजेनिओ टोरे यांच्या रूपाने मिळाला, भारताला १९८८ मध्ये विश्वनाथन आनंद यांच्या रूपाने. सुलतान खान यांनी तीनदा जिंकलेले ब्रिटिश अजिंक्यपद २००३ मध्ये पुण्याच्या अभिजित कुंटे यांनी मिळवले, तेव्हा त्यांच्या शेवटच्या विजेतेपदाला सत्तर वर्षे झाली होती. अखेर २०२४ च्या फेब्रुवारीत महासंघाचे अध्यक्ष आर्कादी द्वोर्कोविच पाकिस्तानच्या दौऱ्यावर असताना सुलतान खान यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब देण्यात आला. त्यामुळे ते पाकिस्तानचे पहिले ग्रँडमास्टर ठरले. ब्रिटिश भारतात जन्मलेला, दिल्लीत अखिल भारतीय विजेता ठरलेला, इंग्लंडच्या संघातून खेळलेला आणि पाकिस्तानच्या नावावर किताब लागलेला हा खेळाडू आज तीन देशांच्या इतिहासांत वाटला गेला आहे.

किताब मिळायला अठ्ठावन्न वर्षे उशीर झाला, असे म्हणता येईल. पण सुलतान खान यांच्या ताकदीचा दाखला त्याहून फार आधी लिहिला गेला होता. हेस्टिंग्जच्या डावाचा कागद उपलब्ध आहे. घरी पट मांडून कोणालाही तो खेळून पाहता येतो. त्यात कोणी नोकर नाही, कोणी महाराजा नाही, दुभाषाही नाही. काळ्याचा वजीर कडेला येरझारा घालतो आहे, पांढऱ्याचा राजा सावकाश कोपऱ्याकडे चालला आहे, आणि डाव्या बाजूचे एक प्यादे एकेक घर पुढे सरकते आहे.